शैलीपत्रकातील अडगळ



संकेतस्थळाचे रंग, अक्षरे व मांडणी ठरविणारे नियम शैलीपत्रकात, म्हणजेच सीएसएसमध्ये, लिहिलेले असतात. होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली. १९९६ मध्ये तिला प्रमाणरूप लाभले. कालांतराने पाने बदलतात, जुने नियम मात्र तसेच राहतात. ब्राउझरला हे पत्रक संपूर्ण उतरवून वाचावे लागते आणि तोवर सहसा पान दिसत नाही. मंद इंटरनेटवर अर्ज भरू पाहणाऱ्या गावकऱ्याला हा विलंब सोसावा लागतो.

क्रोम ब्राउझरमध्ये २०१७ पासून ‘कव्हरेज’ हे साधन आहे. न वापरलेले नियम ते लाल रंगाने दाखविते. परंतु लाल म्हणजे निरुपयोगी, असे समजू नये. ते साधन उघडलेल्या पानापुरते व त्या वेळेपुरतेच सांगते. अर्जात चूक झाल्यावर दिसणारी सूचना किंवा दाखला छापतानाची मांडणी यांचे नियम तेव्हा वापरात आलेलेच नसतात. म्हणून प्रत्येक पान उघडावे, अर्ज मुद्दाम चुकवून पाहावा, दाखला छापून पाहावा आणि मूळ प्रत राखून मगच नियम काढावा.

अडगळ काढताना बियाण्याची कणगी रिकामी होऊ नये, एवढीच विनंती.