निरीक्षण आणि अनुमान



आपण दीपनगरची मुलं. वायर तुटली की जोडतात, हे घरातच पाहिलेलं. धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला, मज्जारज्जूला इजा झाली, तेव्हा मी डॉक्टरांना तेच विचारलं, "जोडता येत नाही का?"

मग वाचायला लागले. हातापायाचा मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, मज्जारज्जूतले तंतू सहसा वाढत नाहीत. १९८१ मध्ये कॅनडात डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला. त्यातून तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. म्हणजे वाढायची ताकद होती, भोवतालची जागा अडवत होती.

तेवढ्यात एका ठिकाणी सांगितलं, पेशी टोचून चालता करू. बाबा गावाकडचं शेत विकायला निघाले. मी त्यांना आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचना वाचून दाखवल्या : अशा इजेवर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच.

सर, तुम्ही प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगळं लिहायला लावायचात. उंदरात तंतू वाढले, हे निरीक्षण. त्यावरून माझा भाऊ चालेल, हे अनुमान निघत नव्हतं.

शेत राहिलं. भाऊ आज व्हीलचेअरवर बसून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. संशोधन चालू आहे, आम्ही वाचत असतो.