खाज थांबली, गजकर्ण नाही

ईशान्येतल्या पावसात आम्ही ओल्या बूट-मोज्यांत दिवसेंदिवस गस्त घातली. माझ्या जांघेत गजकर्ण उठलं. लाजेपोटी डॉक्टरांना न दाखवता दुकानातून मलम आणलं. दोन दिवसांत खाज गेली; महिन्याभरात चट्टे मांडीभर पसरले. मलमात स्टिरॉइड होतं. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशी वाढतच राहते.

आज धोका मोठा आहे. २०२० साली जपानमधल्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या त्वचेवरच्या बुरशीला संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ हे नाव दिलं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही.

म्हणून लाजू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सांगितलेले सगळे दिवस औषध घ्या. शत्रू दिसेनासा झाला म्हणून जवान चौकी सोडत नाही. जय हिंद!