हळदीच्या पोत्यावरची चिठ्ठी



एप्रिल-मे महिन्यात सकाळी हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात गेलात, तर हळदीच्या ढिगांची रांग लागलेली दिसते. खरेदीदार एका ढिगापाशी थांबतो, हळकुंड उचलतो आणि कट्‌कन मोडतो. आवाज खणखणीत आला की हळद नीट वाळली. मग आतला केशरी रंग उजेडात धरून बघतो आणि बोली लावण्याआधी दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर नजर टाकतो. वसमतच्या, कळमनुरीच्या रानात नऊ महिने वाढलेल्या पिकाचा भाव पुष्कळसा त्या नजरेत ठरतो. मोबाइलवर वायदेबाजार असतो, निजामाबाद, सांगली, इरोडचे भाव असतात. माल परदेशी जाणार असेल, तर डॉलरचा दरही बघावा लागतो.

आजचा विषय आहे जागतिकीकरणाच्या काळातली संस्थांची माहिती व्यवस्था. नाव जड आहे, पण गोष्ट रोजची आहे. कोण काय लिहून ठेवतं, ते कुणापर्यंत पोचतं आणि ते बघून निर्णय कोण घेतं, एवढाच तिचा अर्थ. बाजार समितीच्या फाटकावरची आवकेची नोंद, मग लिलाव, काटा, हिशोबपट्टी, ही सगळी माहिती व्यवस्थाच. रेडिओवरून आपण ऐकता ते बाजारभावही तिचाच भाग. २०१६ साली ई-नाम हा ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजार सुरू झाला आणि या नोंदी देशभराच्या पडद्यावर जाण्याची वाट मोकळी झाली.

आता या साखळीचं दुसरं टोक फार लांब गेलं आहे. २०२२-२३ साली भारतात ११ लाख ६१ हजार टन हळद पिकली, म्हणजे जगातल्या उत्पादनाच्या पाऊण हिश्श्याहून जास्त. त्यातली सुमारे दीड लाख टन परदेशी गेली. तिकडचा आयातदार हळकुंड मोडून बघत नाही, तो कागद मागतो. युरोपात हळदीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष किलोमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ही बुरशी ओल राहिलेल्या मालावर धरते. म्हणजे शिजवलेली हळद आपल्या खळ्यावर किती दिवस वाळली, रात्री झाकली होती की नाही, हे आता समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत उघडं पडतं. फवारलेल्या औषधाचा अंश मालात राहिला, तर त्याचंही तसंच.

कागदावर नसलेली माहिती जगाच्या लेखी नसतेच, हा धडा हळदीनंच आपल्याला एकदा शिकवला आहे. जखमेवर हळद दाबायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तरी १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच गुणासाठी पेटंट मिळालं. आजीला माहीत होतं, हे तिथल्या पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. तिथं छापील, तारखेसह, सापडेल असा कागद लागतो. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेनं संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने असे एकूण ३२ संदर्भ शोधून काढले, आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पण प्रत्येक औषधासाठी असं किती वेळा लढणार? म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं एक डिजिटल ग्रंथालय उभारलं गेलं. जुन्या ग्रंथांतली माहिती त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली आहे. पेटंटचा अर्ज आला की परदेशातला तपासनीस त्यात शोधू शकतो. माझ्या मते या देशानं उभारलेल्या माहिती व्यवस्थांमध्ये ही फार मोलाची आहे, कारण आपलं ज्ञान परक्या माणसाला त्याच्या भाषेत सापडेल असं ठेवण्याचा विचार तिच्यात आधी केलेला आहे.

ग्रंथांतल्या हळदीचं हे झालं. शेतातल्या हळदीचं काय? लिलाव संपला, ढीग पोत्यांत भरला, पोती गोदामात गेली. तिथं दहा गावांचा माल एकत्र होतो आणि शेतकऱ्याचं नाव त्या थप्पीत बुडून जातं. उत्तम वाळवलेली हळद आणि घाईनं पोत्यात कोंबलेली हळद एकाच नावानं पुढं जाते. मला हे मनापासून खटकतं, कारण मेहनतीची नोंदच पुसली जाते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण ते नाव लावायचं तर शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि माल खरोखर इथलाच आहे हे दाखवता यावं लागतं. एकट्यादुकट्याला ते झेपत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, गावातला बचत गट किंवा सहकारी संस्था यांना ते जमू शकतं. त्यासाठी महागडं संगणक सॉफ्टवेअर आधी लागत नाही. आधी लागते ती वही. त्याच दिवशी भरलेली, प्रत्येकानं सारख्या पद्धतीनं भरलेली. तिच्यावरून संगणकात नोंद करणारं घरातलं शिकलेलं पोरगं किंवा सून आज गावोगाव आहे.

अशी एक चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. बेणं सेलम. गट नंबर अमुक. लागवड जूनचा दुसरा आठवडा. शेवटची फवारणी, औषधाचं नाव, तारीख. शिजवली ३ मार्च. वाळून झाली १८ मार्च. पॉलिश २० मार्च. पोतं नंबर ७. ही चिठ्ठी पोत्याच्या तोंडाशी शिवायची आणि तिची नक्कल वहीत ठेवायची. पोतं हिंगोलीतून कुठंही गेलं आणि तिकडून कुणी विचारलं, ही हळद कुणाची, तर वही उघडून सातव्या नंबरावर बोट ठेवता येईल.