लेकराचं पाऊल कोवळं आहे तोवरच!



लहान लेकराच्या पावलातली हाडं मऊ असतात. वळवाल तशी वळतात. घट्ट बुटात बोटं वाकतात. म्हणून दर तीन महिन्यांनी लेकराला उभं करून पाहा. अंगठ्यापुढं एका बोटाच्या रुंदीइतकी जागा हवी.

जन्मतःच पाऊल आत वळलेलं असलं, तर ग्रहण बाधलं म्हणून गप्प बसू नका. आईला बोल लावू नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सरकारी दवाखान्यात न्या. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ आणतात. पुढं चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना पट्टीनं जोडलेले बूट घालावे लागतात. ते मध्येच सोडले, तर पाऊल पुन्हा वळू शकतं.

आज धीर धरा; उद्या लेकरू आपल्या पायांनी शाळेत जाईल.