एका कुत्रीचा शोध



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थशास्त्र, वेदान्त असे भारदस्त विषय मांडण्याचा प्रघात आहे. चालकांनी आमच्याकडे ‘कामगार चळवळीतील अनुभव’ हा विषय मागितला. आम्ही कळवले की अनुभव जरूर सांगू. पण तो संपाचा नसेल, हरवलेल्या एका कुत्रीच्या शोधाचा असेल. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी आणि संघटनेच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. तेव्हा श्रोत्यांनी पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. त्याला आमचे एवढेच सांगणे आहे की, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा नावाची देवांची कुत्री आहे. पणींनी लपवून ठेवलेल्या गाई शोधायला इंद्राने तिला पाठवले. रसा नदी ओलांडून ती गेली, पणींनी लालूच दाखवली, पण ती फितली नाही. माणसाचे हरवलेले शोधून देण्याचे काम कुत्र्याकडे इतके जुने आहे. मग खुद्द कुत्रेच हरवले तर ते कोणी शोधावे आणि कसे शोधावे, हा प्रश्न गैरलागू कसा ठरेल?

आता हकिगत. भोसरीच्या औद्योगिक भागातील एक कारखाना २०२१ साली बंद पडला. त्याचे नाव आम्ही घेत नाही, त्याची बाब कामगार न्यायालयापुढे आहे. त्या कारखान्यात बावीस वर्षे लेथवर काम केलेले एक टर्नर आमचे सभासद. यंत्रे विकली गेली, पाठोपाठ पहारेकऱ्यालाही घरी बसवले, आणि आवारात उरली एक तांबूस रंगाची कुत्री. तिचा मागचा डावा पाय कधीतरी माल वाहणाऱ्या ट्रॉलीखाली सापडून मोडला होता. पहारेकरी तिला भाकरीतुकडा घालीत असे. तो गेल्यावर कुलूपबंद दाराआड ती उपाशी पडली. टर्नरांना हे कळले तेव्हा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दोन तरुणांना घेऊन ते गेले, तिला बाहेर काढले, पशुवैद्याकडे नेले. पाय जुळला, पण आखूडच राहिला. महिनाभर तिच्या पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, म्हणून तिचे नाव चिंधी पडले. दोन खोल्यांच्या घरात आणखी एक खाणारे तोंड आले म्हणून वहिनी प्रथम कुरकुरल्या. पुढे त्याच तिच्यासाठी रात्रीची भाकरी झाकून ठेवू लागल्या.

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी लक्ष्मीपूजन होते. संध्याकाळी गल्लीत फटाक्यांची माळ लागली, चिंधीने गळ्यातला पट्टा हिसडून काढला आणि ती अंधारात नाहीशी झाली.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० स्पंदनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो; कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. आपल्याला ऐकू न येणाऱ्या हलक्या आवाजांचीही चाहूल ज्या कानांना लागते, त्यांच्याजवळ सुतळी बाँब फुटला म्हणजे काय होत असेल याची आपण कल्पनाच करावी. अशा वेळी कुत्रे घराकडे पळत नाही, आवाजापासून दूर पळते. आणि थांबते तेव्हा ते कोठे आले हे त्यालाच ठाऊक नसते. त्यातही जे जनावर एकदा टाकले गेलेले, मार खाल्लेले असते, त्याचा माणसावरचा विश्वास ताजा आणि नाजूक असतो. तो एका रात्रीत उडून जातो.

दुसऱ्या दिवशी वस्तीतील पोरे टोळ्यांनी हाका मारीत धावली. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. भक्तीची ती कथा थोरच आहे. पण भ्यालेल्या कुत्र्यामागे धावले तर ते अधिक जोराने पळते, हा व्यवहार आहे. घाबरलेले कुत्रे पुष्कळदा मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. ते दिवसा आडोशाला दडते आणि रात्री दोननंतर, रस्ते निर्मनुष्य झाले की, खाण्यापाण्यासाठी बाहेर पडते.

आठवडा गेला. टर्नर संघटनेच्या कचेरीत येईनासे झाले. तेव्हा आम्ही हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. एका सहकाऱ्याने रोखठोक विचारले, “ज्यांच्या घरची चूल थंड झाली त्या माणसांसाठी ही संघटना आहे. ती आता कुत्री शोधणार काय?” प्रश्न योग्य होता, आणि योग्य प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. आम्ही म्हणालो, कारखाना बंद झाल्यावर हा माणूस सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. न्यायालयाच्या तारखेलाही येत नव्हता. चिंधीला फिरवण्याच्या निमित्ताने तो पहाटे उठू लागला, रस्त्यात चार माणसांशी बोलू लागला आणि आपल्या थकलेल्या देण्याची कागदपत्रे घेऊन कचेरीत आला. आता तो पुन्हा भिंतीकडे वळला आहे. सभासदाला भिंतीपासून वळवणे हे संघटनेचे काम नव्हे काय? निधीतला पैसा वापरायचा नाही आणि कामाची पाळी बुडवायची नाही, या दोन अटींवर ठराव झाला. तो प्रश्न विचारणारे सहकारी पुढे शोधात सर्वांत जास्त दिवस हिंडले.

शोध हे संघटनेचेच काम आहे, असे त्या दिवसांत आमच्या ध्यानात आले. म्हणून त्याची रीत तपशिलाने सांगतो. कोणाला तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नकाशा. भोसरी, इंद्रायणीनगर, मोशी, दिघी आणि आळंदी रस्ता यांचा मोठा नकाशा भिंतीला लावला आणि त्याचे भाग पाडले. दुसरी गोष्ट, एक वही आणि एकच दूरध्वनी क्रमांक. कोणी, कोठे, किती वाजता, काय पाहिले, हे त्या वहीत लिहायचे. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहायचे. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. फलकावर मोठे चित्र छापले, रंग लिहिला, ती लंगडते हेही लिहिले. पण कोणत्या पायाने लंगडते हे मुद्दाम लिहिले नाही. बातमी आणणाऱ्याला आम्ही तेवढेच विचारीत असू. लोक खोटे बोलतात असे नव्हे. माणसाला मदत करण्याची इच्छा असली की त्याच्या डोळ्यांना हवे ते दिसू लागते. कार्तिक वद्यात आळंदीला माउलींच्या समाधी सोहळ्यासाठी वारकऱ्यांची रीघ लागली, तेव्हा अशा बातम्यांचा पूर आला. वही नसती तर आम्ही त्यात वाहून गेलो असतो.

चौथी गोष्ट, बक्षीस मोठे लावू नये. पैशाच्या आशेने लोक जनावराचा पाठलाग करतात आणि ते आणखी दूर जाते. फलकावर आम्ही लिहिले होते: ‘पकडू नका, हाका मारू नका, फक्त कळवा.’

पाचवी गोष्ट, महापालिकेकडे चौकशी. प्राणी जन्म नियंत्रण नियम प्रथम २००१ साली झाले, नंतर त्यांच्या जागी २०२३ चे आले. त्यांनुसार रस्त्यावरील कुत्री पकडून, शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर, जेथून उचलली तेथेच परत सोडायची असतात. खूण म्हणून कानाचा तुकडा काढलेला असतो. याचा अर्थ असा की, घरापासून पाच किलोमीटरवर उचललेले कुत्रे पाच किलोमीटरवरच परत सोडले जाणार. म्हणून ‘आमची कुत्री आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘या आठवड्यात गाडी कोणकोणत्या भागात गेली’ हेही विचारावे लागते.

सहावी आणि शेवटची गोष्ट, विचारायचे कोणाला? बंगलेवाले, दुकानदार, सोसायट्यांचे सचिव सज्जन होते. पण पहाटे तीन वाजता ते झोपलेले असतात. त्या वेळी शहरात जागे असतात ते तिसऱ्या पाळीचे कामगार, पहारेकरी, दूधवाले, सफाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया आणि रिक्षावाले. त्यांना कोणी कधी काही विचारीत नाही, म्हणून त्यांना काय काय ठाऊक आहे हे शहराला कळत नाही. आम्ही पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्यांच्या दारांशी उभे राहिलो. चहाच्या टपऱ्यांवर फलक लावले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना चित्र दाखवून तोंडी सांगितले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोशीकडून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या एका मावशींनी आमच्या कार्यकर्त्याला थांबवले. म्हणाल्या, “दादा, तांबडी कुत्री ना? शिमिटाच्या नळात ऱ्हाती ती. मागचा डावा पाय टेकत न्हाई.” न विचारता त्यांनी पाय सांगितला. आम्ही वहीत ती ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली.

घरापासून सहा-सात किलोमीटरवर सिमेंटचे मोठे नळ रचून ठेवलेले एक आवार होते. मावशी तिला तेथे जवळजवळ दोन आठवडे शिळी पोळी टाकीत होत्या. आम्ही एकट्या टर्नरांनाच पुढे पाठवले. त्यांना पाहताच चिंधी पळाली! बेचाळीस वर्षांचा तो गडी आमच्याकडे वळून म्हणाला, “साहेब, ओळख विसरली.” पण त्या तरुणांनी सांगितले की ती विसरलेली नाही, भ्यालेली आहे, भीती उतरेपर्यंत थांबायला हवे. दुसऱ्या पहाटे टर्नर जमिनीवर पाठमोरे बसले, वहिनींनी दिलेला डबा उघडून शेजारी ठेवला आणि हळू आवाजात नेहमीसारखे बोलत राहिले. ती नळाच्या तोंडाशी आली, पुढे आली नाही. तिसऱ्या पहाटे, २३ डिसेंबरला, ती लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेली. माणूस तोंडाने ओळखतो, कुत्रे नाकाने पक्के करते. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात त्या कोटींनी मोजाव्या लागतात. वाऱ्यावर तिला वास मिळाला. ती क्षणभर थांबली आणि मग तीन पायांवर अशी धावत आली की टर्नर आडवेच झाले. एकेचाळीस दिवस झाले होते. अंगावर हाडे आणि गोचिड्या, एवढेच उरले होते. आम्ही पुष्कळ करारांवर सह्या होताना पाहिल्या आहेत. पण त्या पहाटे आमचे दहा माणसांचे टोळके रस्त्याकडेला जसे गप्प उभे राहिले, तसे आम्ही क्वचितच पाहिले.

या कथेने कोणी भारावून जाऊन भलतेच करू नये, म्हणून दोन शब्द. घाबरलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावू शकते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजवरची लस प्रथम टोचविली. तेव्हापासून या रोगापासून बचाव आहे, पण लक्षणे दिसू लागल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही. म्हणून चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत.

भटक्या कुत्र्यांपासून लहान मुलांना होणारा त्रास खरा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, शस्त्रक्रिया आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पण रेबीज झालेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे म्हटले. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांची कुत्री हलवण्यास सांगितले. वाद मोठा आहे आणि तो येथे सुटणार नाही. पण एवढे मात्र दिसते की, रस्त्यावर टाकलेले प्रत्येक पाळीव कुत्रे या प्रश्नात भरच घालते. आणि घरात घेतलेले, लस टोचलेले प्रत्येक कुत्रे तो तेवढ्यापुरता कमी करते. ज्यांनी असे कुत्रे घरी आणले आहे त्यांनी त्याच्या पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरून घ्यावा, पट्टा निसटत नाही ना हे पाहावे आणि दिवाळीच्या चार रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली बसवता येते. ती कुत्रे कोठे आहे हे सांगत नाही, पण सापडल्यावर ते कोणाचे आहे हे यंत्राने वाचता येते.

टर्नरांचा दावा अजून चालू आहे. पण आता ते तारखेला सर्वांच्या आधी हजर असतात आणि इतरांचे कागदही लावून देतात. मावशींना आम्ही काही देऊ केले, तेव्हा त्यांनी फक्त पावसाळी बूट मागितले; ते त्यांना दिले आणि त्यांच्या वस्तीतील बायांची नोंदणी व्हावी म्हणून त्यांच्याबरोबर महापालिकेत खेटे घालू लागलो. कुत्री शोधायला निघालो नसतो तर या बाया आम्हाला भेटल्या नसत्या.

श्रोतेहो, आपल्या आळीत पहाटे कोण कोण येते, त्यांची नावे काय, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? उद्या पहाटे उठून विचारून पाहावे. त्यासाठी कुत्रे हरवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.