घाटाचा रस्ता आणि लोकांचा पैसा



दरडीने तुटलेला रस्ता दुरुस्त करण्यासाठी लोक पैसे देतील काय, या प्रश्नावर आम्ही बोलावे अशी आपली इच्छा आहे. आमचे उत्तर असे की, लोक आजही पैसे देत आहेत. त्याचा हिशेब मात्र त्यांना कोणी देत नाही.

बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. रस्ता वापरणाऱ्याने त्याचा भार उचलावा, या न्यायाने समितीने पेट्रोलवर जादा कर सुचविला. १९२९ साली गॅलनमागे २ आण्यांचा तो कर लागू झाला व त्यातून रस्तेनिधी उभा राहिला. २००० साली संसदेने केंद्रीय रस्तेनिधीचा कायदा केला. म्हणजे रस्त्यासाठी इंधनावर कर भरण्याची आपली सवय शंभरीला टेकली आहे.

आता आपल्या भागाकडे पाहू. बेळगावहून सावंतवाडीस निघालेला मालमोटारवाला डिझेल बेळगावात भरतो. राज्याराज्यांचा वाटा ठरविताना इंधनाचा खपही पाहतात. त्यामुळे त्याचे डिझेल कर्नाटकाच्या खपात मोजले जाते आणि आंबोलीची दरड महाराष्ट्राने उपसायची असते. घाट बंद पडला म्हणजे भाजी गाडीतच कुजते. कोकणातून बेळगावच्या इस्पितळाकडे निघालेला रुग्ण वाटेत अडकतो. त्या नुकसानीची नोंद कोणत्याच राज्याच्या वहीत होत नाही.

आंबोलीस वर्षाला सुमारे ७ मीटर पाऊस पडतो. हे पाणी मातीत व झिजलेल्या खडकात मुरते, माती जड होते, तिची पकड सुटते. त्यातच रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तासलेला असेल, तर वरचा भार निराधार होतो. उन्हाळ्यात गटारे उपसणे, मोऱ्या मोकळ्या करणे, संरक्षक भिंतीतून पाण्याला वाट ठेवणे, हेच यावरचे खरे उपाय. परंतु ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. कोसळलेली दरड उपसताना छायाचित्रे निघतात. न कोसळलेल्या दरडीचे छायाचित्र कोण काढणार?

येथे आपलाही दोष आहे. घाट बंद असताना आपण मागाल ते देऊ म्हणतो. आभाळ निवळले की हात आखडतो. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर डोंगर आला आणि माणसे गाडली गेली. त्या किमतीपुढे गटारांचा खर्च तो काय?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक घाटाचे खाते स्वतंत्र असावे. घाट ज्यांच्या उपयोगी पडतो त्या दोन्ही राज्यांनी त्यात भर घालावी. मालमोटारीवर भार अधिक, एस. टी.च्या प्रवाशावर मुळीच नको. आणि मृग लागण्यापूर्वी किती पैसा आला, किती मोऱ्या साफ झाल्या, हे घाटमाथ्यावर फलक लावून सांगावे. त्या फलकापाशी पावती फाडायला बसणाऱ्याला आपला माणूस रिकाम्या हाताने परत पाठविणार नाही, अशी आमची खात्री आहे.