शी म्हणण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘परदेशात काय काय खाल्लंत ते सांगा,’ असं कमिटीनं मला फर्मावलं, आणि तेही जेवणाच्या आधी. तेव्हा आज पुलाव उरला तर केटररला बोल लावू नका.

आम्ही दोघं कंबोडियाला गेलो ते अंगकोर वाट बघायला. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन यानं बांधलेलं विष्णूचं मंदिर. नॉम पेन्हहून तिकडे जाताना वाटेत स्कून नावाचं गाव लागतं. तिथे गाडी थांबली आणि पराती घेतलेल्या बायका खिडकीशी आल्या. आपल्या एसटी स्टँडवर येतात तशी भजी असतील, असं मला वाटलं. परातीत तळलेले कोळी होते! भिंतीवरचे नव्हेत, तळहाताएवढे, काळे, केसाळ, आठही पाय पसरलेले.

माझ्या तोंडून मोठ्यानं ‘शी!’ निघालं. त्या बाईला मराठी कुठलं कळायला? पण ‘शी’ला भाषा लागत नाही. तिचं हसू मावळलं, आणि ती पुढच्या खिडकीकडे गेली.

सौ. शांतपणे म्हणाली, “आता नोटीस लावा.”

जुन्या सभासदांना आठवत असेल. सोसायटीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गॅलरीत सुके बोंबील ऊन खात होते. आईनं गावाहून वाळवून पाठवलेले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस : ‘गॅलरीत घाणेरडे पदार्थ ठेवू नयेत.’ नाव नव्हतं, पण फ्लॅट नंबर अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होता. वासाची तक्रार मला मान्य होती; बोंबील त्याच संध्याकाळी आत घेतले. लागला तो ‘घाणेरडे’ हा शब्द. पुढे आई इथे राहायला आली, तेव्हा सुकट भाजताना स्वतःच उठून खिडक्या लावून घ्यायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तर स्कूनला आमच्या गाइडनं जे सांगितलं ते ऐका. १९७५ ते १९७९ तिथे ख्मेर रूजची राजवट होती. शहरं रिकामी करून माणसांना शेतांवर धाडलं. घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी एकत्र रांधलेली पातळ पेज प्यायची. उपासमार, आजार आणि कत्तलीत पंधरा लाखांहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत हाताला लागेल ते लोकांनी खाल्लं, आणि कोळी खाण्याची सवय तेव्हाच पसरली, असं तिथले लोक सांगतात. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात मिलो खाल्लेली मंडळी इथे बसली आहेत. भूक म्हणजे काय, ते त्यांना मी काय सांगणार?

गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी उतरलो, त्या बाईला शोधलं आणि एक कोळी घेतला. लसूण-मीठ लावून तळलेला. पाय कुरकुरीत, थेट तळलेल्या जवळ्यासारखे. आतलं मांस थोडं कुर्लीकडे झुकणारं. पोटाचा भाग मात्र जमला नाही. बरेच जण तो टाकतातच म्हणे. तिनं दुसरा पुढे केला. मी पोटावर हात ठेवून ‘नको’ म्हटलं. या वेळी ती हसली.

कुणाला असले प्रयोग करायचे असतील तर दोन गोष्टी सांगतो. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर कोळी-किडे टाळा, कारण ही सगळी एकमेकांची भाऊबंद. आणि समोर तळलेलं, गरम असेल तेवढंच घ्या. व्रतात, धर्मात बसत नसेल तर मुळीच खाऊ नका. त्यात कमीपणा नाही. पण हे खाणारे थोडेथोडके नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालाप्रमाणे जगात किमान दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात. लांब कशाला, आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी आवडीनं खातात.

पंचवीस वर्षं आपल्या जिन्यात हिंगाची फोडणी, आंबवलेलं पीठ, सुकट असे सगळे वास एकत्र नांदतात. एखादा सोसत नसेल तर जरूर सांगा, बेल वाजवून सांगा. ‘नको’ म्हणा, ‘शी’ तेवढं म्हणू नका. त्या वासामागे कुणाची तरी आई असते.

असो. पानं मांडली आहेत. मेनूत कोळी नाहीत, मी केटररला विचारून घेतलंय!